बाबूजी, आपली शाळा आणि राहून गेलेलं एक गाणं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजन समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय माझ्यावर सोपवला आहे. "तू काहीही बोल, पण नोकरीबद्दल बोलू नकोस," एवढीच अट आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही अट घालणं म्हणजे त्याची जीभच बांधणं. तरी मी मान्य केली, कारण मला मुळात दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायचं होतं. सुधीर फडके. आपल्या सगळ्यांचे बाबूजी.

आपल्यातले निम्मे तरी बोरिवलीच्या त्या उड्डाणपुलावरून रोज जातात, ज्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. मीही जातो. पुलावर गाडी अडकली की समोरची पाटी वाचण्याशिवाय काही काम नसतं. एकदा माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, हे कोण?" मी म्हटलं, "गायक." ती म्हणाली, "मग त्यांच्या नावाने हॉल का नाही, पूल का?" मला उत्तर देता आलं नाही. आज जे बोलणार आहे ते थोडंफार तिलाच दिलेलं उत्तर आहे. पण त्यात माझा एक जुना हिशेबही आहे आणि तो याच शाळेतला आहे, म्हणून तो इथेच मांडायला हवा.

आठवा, आपण दहावीत होतो ते १९७९-८० चं वर्ष. भाईंदर तेव्हा ग्रामपंचायतीचं होतं, नगरपरिषद व्हायला अजून पाच वर्षं होती. पश्चिमेला स्टेशन सोडलं की मिठागरं, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे. सकाळी शाळेत येताना बफिंगच्या मोटारींचा आवाज आणि त्या काळ्या धुळीचा वास. नळाला पाणी कधी येईल याच्यावर आपल्या आयांचा दिवस ठरायचा. आणि त्यात आपली शाळा. मुलं कुठकुठली! उत्तनचे कोळी, राई-मुर्ध्याचे आगरी, गुजराती, उत्तर भारतीय, कोकणातून आलेले आपण आणि गाळ्यांत काम करणाऱ्या तेलुगु कामगारांची दोन-चार मुलं. आपल्या वर्गात त्यातला एकच होता. मागून दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी. नाव घेत नाही. सगळ्यांना कळलंच आहे.

त्या वर्षी पुण्यात रमणबागेच्या पटांगणावर गीतरामायणाचा रौप्यमहोत्सव झाला होता. आपले मराठीचे सर सुट्टी काढून गेले होते आणि परत आले ते भारून जाऊनच. त्यांनी जाहीर केलं की यंदाच्या स्नेहसंमेलनात नाच नाही, नकला नाहीत, गीतरामायणातली दहा गीतं. निवेदनासह. आपण सगळे मनातल्या मनात कण्हलो होतो, खरं सांगा.

सर, आपण आज समोर बसला आहात. तेव्हा तालमीच्या आधी आपण आम्हाला बाबूजींची गोष्ट तीन दिवस सांगितली होती. मी आज त्याच गोष्टीत पुढे वाचून कळलेली थोडी भर घालतो. चुकलं तर हात वर करा, पूर्वी करायचात तसा.

जन्म २५ जुलै १९१९, कोल्हापूर. मूळ नाव रामचंद्र विनायक फडके. वडील वकील. घर बऱ्यापैकी सुखवस्तू म्हणावं असं, पण आई लहानपणीच गेली आणि पुढे घराची घडी विस्कटली. गाण्याचे पाठ वामनराव पाध्यांकडे. विशीच्या आत-बाहेर हा मुलगा मुंबईत आला तो गाण्याच्या जोरावर पोट भरेल या भरवशावर. भरलं नाही. चहा विकला, भाजी विकली, शिकवण्या केल्या, उपाशी राहिला. मग उत्तरेकडे भटकत गेला, कोलकात्यापर्यंत. जमेल तिथे गायचं, मिळेल ते खायचं, पुढच्या गावाला जायचं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, 'जगाच्या पाठीवर' या आत्मचरित्रात. ते अपुरंच राहिलं. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा उपासमारीच्या पानांवर पुस्तक मिटून ठेवलं. त्यात तक्रार नाही, हे जास्त लागतं.

१९४१ मध्ये एचएमव्हीत काम मिळालं. १९४५ मध्ये प्रभातमध्ये संगीतकार. 'गोकुळ' हा त्यांचा प्रभातचा पहिला चित्रपट, १९४६ चा. त्यानंतरची यादी मी वाचून दाखवत नाही, जेवणाची वेळ होईल. 'लाखाची गोष्ट', 'ऊन पाऊस', 'सुवासिनी', 'मुंबईचा जावई'. राजा परांजपे, गदिमा आणि बाबूजी हे त्रिकूट एकत्र आलं की मराठी घरांत नवी गाणी यायची. 'जगाच्या पाठीवर' १९६० चा. त्यातलं सुखदुःखाच्या धाग्यांचं गाणं माझ्या वडिलांना एवढं प्रिय होतं की ते दाढी करताना गुणगुणायचे आणि हमखास कापून घ्यायचे. १९६१ मध्ये 'प्रपंच' आला. त्यात विठ्ठलाला कुंभार म्हणून साद घालणारं गाणं आहे. चित्रपटातलं गाणं, पण देवळात म्हटलं जातं. माझ्या मते बाबूजींची खरी जात इथे दिसते. भक्तिगीत आणि चित्रपटगीत असे दोन कप्पे त्यांनी केलेच नाहीत. पडद्यावरचा कुंभार गात असो की देवळातला भजनी, शब्द ज्याच्या तोंडी आहे त्याला तो खरा वाटला पाहिजे, एवढंच बघितलं. हिंदीत 'भाभी की चूडियाँ' त्याच वर्षीचा. लताबाईंचं त्यातलं पहाटेचं गाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी आज घरी गेल्यावर ऐकावं. पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द आहेत.

लग्न १९४९ चं, गायिका ललिता देऊळकर यांच्याशी. त्या लग्नात मंगलाष्टकं महंमद रफींनी म्हटली होती. सरांनी हे सांगितलं तेव्हा आपला अख्खा वर्ग ओरडला होता, "खरंच?"

आता गीतरामायण. पुणे आकाशवाणी केंद्र तेव्हा नवं होतं, जेमतेम दीड वर्षाचं. तिथले सीताकांत लाड गदिमांचे स्नेही. वर्षभर चालेल असं काही लिही, म्हणून त्यांनी गदिमांचा पिच्छा पुरवला. आठवड्याला एक गीत, बावन्न आठवड्यांची बावन्न. पण त्या वर्षी पंचांगात अधिक महिना होता, म्हणून झाली छप्पन्न. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पहिलं गीत. आठवड्याचं नवं गीत शुक्रवारी सकाळी लागायचं आणि शनिवारी, रविवारी पुन्हा. सांगतात की लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आमच्या आजीनेही घातल्याचं आई सांगायची, आजी मात्र नाही म्हणायची.

पहिल्या गीताची हकीकत प्रसिद्ध आहे. गदिमांनी ते लिहून बाबूजींना दिलं आणि बाबूजींकडून तो कागद हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ आलेली. गदिमा संतापले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतलं आणि पाव तासात गीत कागदावर आलं. लव आणि कुश रामासमोर रामकथा गातात, तो प्रसंग. बाबूजींनी ते भूप रागात बांधलं. शेवटचं, छप्पन्नावं, भैरवीत. मैफल जशी भैरवीने संपते, तसं वर्षभराचं गाणं भैरवीने संपवलं. या मधल्या चोपन्न गीतांत माणसं किती! कौसल्या, दशरथ, विश्वामित्र, कैकेयीवर चिडलेला भरत, शूर्पणखा, हनुमान, कुंभकर्ण. प्रत्येक जण आपल्या तोंडाने बोलतो.

एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. आपण गीतरामायण म्हणजे बाबूजींचा एकट्याचा आवाज समजतो, कारण पुढे त्यांनी ते सगळं स्वतः गायलं, पेटी पुढ्यात घेऊन, सुमारे १८०० कार्यक्रमांत. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन साथीला. पण आकाशवाणीवर ते अनेक गळ्यांनी गायलं गेलं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, योगिनी जोगळेकर, ललिताबाई, नट असलेले चंद्रकांत गोखले. आणि त्या यादीत एक नाव आहे, जानकी अय्यर. मी ते वाचलं तेव्हा माझं वय पन्नासच्या पुढे होतं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. का, ते आता सांगतो.

तालमीला सरांनी सगळ्यांचे आवाज तपासले. पेटीवर बाई होत्या, त्या आता नाहीत. एकेकाने पुढे येऊन दोन ओळी म्हणायच्या. आपल्यातले बहुतेक जण बकऱ्या होते. मी बरा, म्हणजे सुरात, पण आवाजाला धार नाही. खिडकीपाशी बसणारा आपला मित्र उभा राहिला आणि गायला. पेटीवरचा बाईंचा हात थांबला. मला तो थांबलेला हात आजही दिसतो. असा आवाज आपल्या शाळेत त्याआधी झाला नव्हता, त्यानंतर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सरांनी त्याला चित्रकूटावरचं गीत दिलं. राम भरताची समजूत घालतो ते. यमनच्या अंगाने जाणारं, लांबलचक, सगळ्यात अवघड. रामच तो.

अडचण एकच होती. त्याला 'भ' म्हणता यायचा नाही. भरताचा बरत व्हायचा, रघूचा रगू. 'ळ' मात्र आपल्यापेक्षा स्वच्छ, कारण तो त्यांच्या भाषेत आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचं 'बाळ' तेव्हा 'बाल' होतं, त्याला कुणी हसत नव्हतं. 'बरत' मात्र वर्गात दोन दिवसांत गाजला. कुणी सुरू केलं? मी. आज पंचेचाळीस वर्षांनी हे लपवण्यात अर्थ नाही. मधल्या सुट्टीत बाकावर उभा राहून मी त्याची नक्कल केली. तुम्ही हसलात, पण तुम्ही प्रेक्षक होता. नाटक माझं होतं. आणि मला ते गाणं हवं होतं, हेही आज सांगून टाकतो.

सर म्हणाले होते, "पंधरा दिवस आहेत, मी बसवून घेतो." ते त्याला शाळा सुटल्यावर थांबवायचे. ओठांसमोर कागदाचा कपटा धरायचे. 'ब' म्हटला की कपटा जागेवर राहतो, 'भ' म्हटला की हलतो. तीन दिवस तो थांबला. चौथ्या दिवशी खिडकीबाहेर उभं राहून आम्ही पाच-सहा जण "बरता, बरता" ओरडलो. पाचव्या दिवशी तो थांबला नाही. सरांना म्हणाला, घशाला त्रास आहे. गाणं मला मिळालं. मी ते बरं म्हटलं. मला कप मिळाला, तो अजून आईच्या कपाटात आहे.

त्याच्या घरी मी त्याआधी एकदा गेलो होतो. गाळ्यांच्या मागची चाळ. त्याचे वडील बफिंगचं काम करायचे, हात कोपरापर्यंत काळे. त्यांच्याकडे एक फोटो होता, देवांच्या फोटोंच्या ओळीत, आणि मी विचारलं हे कुठले महाराज? ते हसले. म्हणाले, "घंटसाला." मला वाटलं देवळातल्या घंटेबद्दल काहीतरी म्हणतायत. मग मित्राने सांगितलं, गायक आहेत, आमच्याकडचे, वारले.

घंटसाला वेंकटेश्वर राव कोण होते, हे मी बँकेच्या कामाने हैदराबादला बदली झाल्यावर शिकलो आणि थक्क झालो. ऐका. जन्म १९२२, कृष्णा जिल्ह्यातला. संगीत शिकायला विजयनगरमला गेले, खिशात काही नाही. घरोघरी मधुकरी मागून शिकले. १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले. मग चित्रपटात आले, गायक म्हणून आणि संगीतकार म्हणून. 'पाताळ भैरवी' त्यांचा, १९५१ चा. आणि १९६३ मध्ये 'लवकुश', एन. टी. रामारावांचा राम आणि संगीत घंटसालांचं. त्यातही लव आणि कुश रामाची कथा गात येतात. शेवटच्या दिवसांत त्यांनी भगवद्गीतेचे श्लोक तेलुगु विवरणासह ध्वनिमुद्रित केले आणि १९७४ च्या फेब्रुवारीत गेले, वय एक्कावन्न. हैदराबादला पहाटे कुठल्याही गल्लीतून जा, देवळाच्या कर्ण्यावर तीच गीता. आपल्याकडे रामनवमीला जसे बाबूजी, तसे तिकडे ते.

म्हणजे बघा, दोन माणसं, तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेली. एक कोल्हापुरातून निघून उपाशी फिरतो, एक विजयनगरमला माधुकरीवर जगतो. दोघेही चाल बांधणार आणि स्वतः गाणार. दोघांचंही नाव शेवटी एकेका ग्रंथाला चिकटलं, इथे रामायणाला, तिथे गीतेला. आणि दोघांनीही गाण्याबाहेर देशासाठी अंगावर घेतलं. त्या चाळीत माझा मित्र एकाचं गाणं ऐकत मोठा झाला आणि दुसऱ्याचं गायला उभा राहिला. त्याला राम कसा म्हणायचा हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत असणार. आपल्याला एक 'भ' ऐकू आला.

आता देशासाठी अंगावर घेतल्याचं म्हटलं, ते सांगितल्याशिवाय बाबूजी अर्धेच राहतात. दादरा आणि नगर हवेली. आपल्याच पश्चिम रेल्वेने पुढे वापीला उतरलं की सिल्वासा फार लांब नाही. स्वातंत्र्यानंतरही तिथे पोर्तुगीज होते. १९५४ मध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी तो भाग सोडवला. त्यासाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला, त्यामागे बाबूजी होते. पैसा जमवून ते घरी बसले नाहीत, मोहिमेतही उतरले. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे, नाव झालेले संगीतकार, घरी श्रीधर चार वर्षांचाही नव्हता. आणि बरोबर आठ महिन्यांनी गीतरामायण सुरू होतं! मी जेव्हा सेतू बांधण्याचं गीत ऐकतो तेव्हा मला हे आठ महिने आठवतात. त्या चालीतली घाई, एकमेकांना दिलेली हाक, ती कुणीतरी कानाने प्रत्यक्ष ऐकलेली आहे असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, सर, तुम्ही मान हलवताय ती हो म्हणून की नाही म्हणून ते नंतर सांगा.

दुसरी हकीकत मोहन रानड्यांची. ती कमी जणांना माहीत आहे. रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून राहिले आणि आझाद गोमंतक दलातून लढले. १९५५ मध्ये पकडले गेले. पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, सगळीकडे पेढे वाटले गेले आणि हा माणूस आतच. वर्षं गेली. देश विसरला. बाबूजी विसरले नाहीत. त्यांनी सुटकेसाठी समिती उभी केली, दारं ठोठावली, पत्रं लिहिली. शेवटी मदत कुठून आली? मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले, चौदा वर्षांनी. अण्णादुराईंचे आभार मानायला ते भेटू शकले नाहीत, कारण फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अण्णादुराई गेले. एका मराठी माणसाच्या सुटकेसाठी एक मराठी गायक झटतो आणि तमिळ नेता पोपकडे रदबदली करतो. मी हे वाचलं त्या दिवशी मला आपल्या वर्गातली ती खिडकी आठवली होती.

शेवटची वीस वर्षं सावरकरांवरच्या चित्रपटात गेली. या सभागृहात सावरकरांबद्दल एकमत होणार नाही, व्हायची गरजही नाही, दुपारच्या जेवणापर्यंत तरी आपण मित्र राहू. मी फक्त त्या माणसाच्या चिकाटीबद्दल बोलतोय. पैसा लोकवर्गणीतून. त्यासाठी उतारवयात गावोगाव हिंडले. काम अडलं, पुन्हा सुरू झालं. वेद राही यांच्या दिग्दर्शनाखाली तो चित्रपट २००१ च्या नोव्हेंबरात पडद्यावर आला. बाबूजी गेले २९ जुलै २००२ ला. म्हणजे हातातलं काम संपवून आठ महिन्यांनी. चित्रपट म्हणून तो मला फारसा पटला नाही, हे मोकळेपणाने सांगतो. त्याऐवजी त्या वीस वर्षांत त्यांनी नव्या चाली बांधल्या असत्या तर, असं मनात येतंच. पण हा हिशेब रसिकाचा झाला. त्यांनी स्वतःला केवळ गायक कधीच मानलं नव्हतं. नातीला मी हेच सांगितलं, की त्यांच्या नावाने पूल आहे ते ठीकच आहे.

त्यांच्या गाण्यातलं मला जे सर्वांत मोठं वाटतं ते सरांनी तेव्हा एका वाक्यात सांगितलं होतं, की बाबूजींचं गाणं कागदावर उतरवून घेता येतं. शुद्धलेखनासह. प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ सगळं ऐकू येतं, आणि तरी सूर कुठे ओढल्यासारखा वाटत नाही. आशाबाई, लताबाई यांच्यासारख्या गायिकांकडूनही त्यांनी शब्दांसाठी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्याच्या आठवणी आहेत. हे ऐकून मी तेव्हा काय शिकलो? की शुद्ध उच्चार नसेल तर हसायचं. सर शिकवत होते ते वेगळंच होतं. की पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचं. कागदाचा कपटा धरायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबूजींवर चित्रपट आला, १ मे २०२४ ला, 'स्वरगंधर्व सुधीर फडके'. सुनील बर्वे बाबूजी झाले आहेत. मी मिरा रोडच्या थिएटरात दुपारच्या खेळाला गेलो. उपासमारीचा भाग सुरू झाला आणि मी रडलो, बाजूच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला रुमाल दिला. बाहेर येऊन मी आपल्या दोन-तीन मित्रांना फोन केले आणि त्याचा नंबर मिळवला. तो आता वरंगळला असतो. ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगा चालवतो. मी नाव सांगितलं, तो गप्प. मग म्हणाला, "बोल."

मी बोललो. जे आत्ता तुमच्यासमोर बोललो तेच, पण जास्त अडखळत. तो सगळं ऐकून म्हणाला, "मला वाटायचं तू विसरला असशील." मी म्हटलं, तू? तो म्हणाला, "मी घशाला त्रास आहे सांगितलं ना, मग वडिलांनी दोन आठवडे मला हळदीचं दूध पाजलं. ते कसं विसरणार?" आणि हसला. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली. गीतरामायणाचा तेलुगुत अनुवाद आहे, तसा तो इतरही अनेक भाषांत आहे आणि चाली त्याच ठेवता येतात. तो त्यांच्या गावच्या रामनवमीला दरवर्षी चित्रकूटाचं ते गीत गातो. आधी तेलुगुत. शेवटचं कडवं मराठीत. सरांनी सायक्लोस्टाइल करून दिलेला कागद त्याच्याकडे अजून आहे.

मी विचारलं, आणि 'भ'?

म्हणाला, "ये ऐकायला."

मी गेलो नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग हे संमेलन ठरलं. म्हणून मी त्यालाच बोलावलं. तो काल कोणार्क एक्सप्रेसने निघाला, आज कल्याणला उतरला आणि तिथून मला शिव्या देत लोकलने आला, कारण मी त्याला दादरला बदलायचं सांगायला विसरलो. तिसऱ्या रांगेत बसलाय, निळा सदरा. तुमच्यातल्या काहींनी त्याला अजून ओळखलेलं नाही, केस गेलेत म्हणून.

समितीने मला वीस मिनिटं दिली होती. माझी संपली आहेत. पुढची दहा मिनिटं कार्यक्रमपत्रिकेत नाहीत, ती मी परस्पर त्याला दिली आहेत, अध्यक्षांनी रागावू नये. सर, आपण पुढच्या रांगेत या, तिथून ऐकू कमी येतं. पेटीवर मी बसतो. सूर काळी एकचा धरलाय, तेव्हाची पट्टी आता आम्हा दोघांच्या आवाक्यातली नाही. तबल्याला कुणी आहे का? नसेल तर बाक आहेच.

ये रे.